मठातली राजकन्या

शेजारच्या अरबाकडे बखूर पेटला, की त्याच्या सुगंधी धुराने आमचं आखातातलं, अरादचं घर भरतं आणि मी थेट माद्रिदच्या राजघराण्याच्या, असाच धूप दरवळणाऱ्या मठात पोचतो.

तिथली किल्ली वल्ह्याएवढी होती, शपथ! गाईडबाई प्रत्येक दालन आमच्यामागे कुलूपबंद करत होत्या. एका चित्रात ननच्या वेशातली, मठाला देऊन टाकलेली चिमुरडी राजकन्या होती. माझी तेव्हा आठ वर्षांची शेरीन तिच्यापुढे खिळली.

"हिलाही देऊन टाकू इथे!" मी गडगडाटी हसलो.

"गप बसा ओ! देवाच्या घरात असलं बोलू नये," बायको कुजबुजली.

शेरीन हसली नाही. "पप्पा, शी इज वेटिंग," ती म्हणाली.

आता शेरीन तेवीस वर्षांची आहे. उद्या ती नन व्हायला कॉन्व्हेंटमध्ये जातेय, कायमची. आमच्या वसईच्या ख्रिस्ती घरांत पोर देवाला देणं मानाचं. बायको अभिमानाने बॅग भरतेय. घाबरलोय तो मी एकटाच.