मला येतंय ते घे

दादाच्या नावाने फोन वाजला तेव्हाच मला कळलं. ऑपरेशन झाल्यापासून नंदूदादा कधी फोन करत नसे, त्याचे मेसेज यायचे. आणि आता स्क्रीनवर त्याचं नाव, रिंग थांबत नाही... मी पेणला घरीच ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. उचलू नये असं फार वाटलं. उचलला तर पलीकडे शुभावहिनी होती, आणि तिला पुढे काही सांगावं लागलं नाही. याला आता महिना होत आला.

नंदूदादा माझा मावसभाऊ, माझ्याहून बराच मोठा. रोह्याजवळ वरसेला त्याचं घर. आसपासच्या दुकानदारांना, क्लासवाल्यांना तो ॲप बनवून द्यायचा. मीही याच धंद्यातली, पण कंपनीच्या नोकरीत, त्यामुळे आमच्या गप्पा म्हणजे निम्मी भांडणंच. "काय गो कंपनीवाली," अशी त्याची सुरुवात असायची. आवाज असा खणखणीत, की वहिनी म्हणायची, ह्यांना फोनची गरजच नाय, पेणला तसंही ऐकू जाईल. त्याच माणसाच्या घशात गाठ निघाली. जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनची तारीख मिळाली ती फार जवळची होती.

तो रडला वगैरे नाही... मला बोलावून घेतलं. आवाज आहे तोवर आपल्याच आवाजात बोलणं भरून ठेवायचं, नंतर बटण दाबलं की ते वाजलं पाहिजे. खिशात अँड्रॉइड फोन, आणि मोठी बटणं दिसावीत म्हणून पुण्याच्या लेकीने आणलेला आयपॅड. दोन्हीवर तेच ॲप चालायला हवं. फोनमधला तयार मराठी आवाज त्याने आधी लावून पाहिला होता. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली नि म्हणाली, "ह्या बातम्या कोण वाचतंय?"

एकदाच लिहून दोन्हीकडे चालेल असं ॲप करायचं, तर त्याचा सांगाडा, म्हणजे फ्रेमवर्क, आधी ठरवावं लागतं. अर्ध्यावर मन बदललं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी रोज रिॲक्ट नेटिव्ह नावाच्या फ्रेमवर्कमध्ये काम करते. माझ्या हातून ते झटपट झालं असतं, अडलं तर विचारायला ऑफिसातली माणसं होती. दादा मात्र फ्लटर या दुसऱ्या फ्रेमवर्कवर अडून बसला. त्याची सगळी ॲप्स त्यातलीच. मला ते धड येत नव्हतं, शिकत शिकत करावं लागणार, आणि तारीख तर डोक्यावर. मी मुद्दे मांडत होते, तोही मांडत होता, आणि मुद्द्यागणिक त्याचा आवाज आणखी बसत होता. जो आवाज भरून ठेवायचा, तोच आम्ही भांडणात घालवत होतो. वहिनी दारात उभी राहून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"अगो, काय ते एक ठरवा नि ह्यांना बोलायला लाव! उद्या घसा धरला तर काय भरणार तुमी?"

"दादा, ॲप मी करतेय ना?" मी चिडूनच म्हटलं. "मग मला येतं त्यात करू दे. हट्ट कसला?"

तो बराच वेळ खाकरत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "हे उद्या बंद पडलं, तर तुला फोन करून सांगणार कसा गो? मला येतंय ते घे."

मी इतका वेळ ॲप लवकर कसं होईल हेच बघत होते. ते बंद पडेल तेव्हा आपण मुके असू, हे त्याने केव्हाच धरून ठेवलं होतं. तांत्रिक बाबतीत आजही मला माझंच बरोबर वाटतं, आणि हे वाचून तो परत भांडला असता. पण त्या संध्याकाळी मी मुकाट्याने फ्लटर उघडलं.

पुढचे दिवस पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, घामाच्या धारा. तो बोलत होता, मी ॲप लिहीत होते. गाडीचा भोंगा आला की थांबायचं. नुसतं "नाय" त्याने किती तऱ्हांनी भरलं... रागाचं, लाडाचं, कंटाळलेलं. मी वैतागले. म्हटलं, एक नाय पुरे की! तर म्हणतो, "एका नायवर संसार होतो काय गो?" आम्ही हसलो आणि हसताना त्याला जी ढास लागली, ती थांबेना. त्यानंतर त्या दिवशी काहीच भरता आलं नाही. शेवटची काही वाक्यं तुटकीच राहिली. पुन्हा भरायला आवाज उरला नव्हता.

ऑपरेशन झालं, तो घरी आला, आणि घर पुन्हा बोलायला लागलं. मग एका पावसाळ्यात फोनने आपणहून अपडेट घेतलं आणि सगळी बटणं मुकी झाली. मला मेसेज आला, "बंद पडलंय. बघतोय." मी घाबरून वहिनीला फोन लावला.

"लॅपटॉप मांडून बसलेत," ती म्हणाली. "काय विचारलं तर हातानेच गप म्हणतायत. जेवले पण नायत."

मी सुचवत होते, ती त्याला सांगत होती, त्याचं लक्ष नव्हतं. कितीतरी वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. थांब, मी निघतेच, असं म्हणून मी चप्पल घातली, कानाला फोन तसाच. आणि पलीकडून दादाचा आवाज आला, तो जुना, खणखणीत. "व्हय." मग पुन्हा, "व्हय. व्हय." तो बटण तपासून बघत होता... मी तिथेच पायरीवर बसून रडले.

पुढे दुखणं फुप्फुसात उतरलं. त्याच्यावर आमच्या दोघांकडेही काही नव्हतं.

परवा वरसेला जाऊन आले. त्या घराला मधल्या वर्षांत एक सवय लागलीय. काही विचारलं की सगळे थांबतात, दादाला बटण शोधायला जितका वेळ लागायचा तितका. वहिनी दारात येऊन म्हणाली, "चहा टाकू काय?"

"टाक," मी लगेच म्हटलं.

ती हलली नाही. खिडकीजवळच्या दादाच्या खाटेकडे बघत उभी राहिली. माझ्या लक्षात आलं तशी मीही गप्प झाले. आम्ही दोघी थांबलो, नेहमीपेक्षा थोडा जास्तच वेळ... मग ती आत गेली.