सासरे आणि पाण्यातली म्हस

माझ्या सासऱ्यांइतका घाईचा माणूस बोरिवलीत आजवर झाला नाही आणि पुढे होणारही नाही. झालाच, तर तो पोचेपर्यंत सासरे तिथे जाऊन परत आलेले असतील. लिफ्टचं बटण दाबतात आणि लिफ्ट यायच्या आत जिन्याने खाली उतरतात. मग वर आलेली रिकामी लिफ्ट बघून आम्ही समजतो, की सासरे निघाले. रिक्षा थांबायच्या आधी त्यांचा एक पाय रस्त्यावर असतो. फोन उचलला की "हां, कळलं, ठेवतो," म्हणतात. आपण तोवर तोंडसुद्धा उघडलेलं नसतं. माझ्या लग्नात भटजींनी पहिलं मंगलाष्टक नीट सुरूही केलं नव्हतं, तेवढ्यात ह्यांनी हातातल्या सगळ्या अक्षता टाकून दिल्या, आणि वधूपिताच टाकतोय म्हटल्यावर अख्ख्या हॉलने टाकल्या. उरलेली मंगलाष्टकं आम्ही दोघांनी कोरडीच ऐकली. लेकीच्या पाठवणीला भलेभले बाप हुंदके देतात. माझे सासरे हॉलच्या फाटकात उभे राहून ड्रायव्हरला सांगत होते, "मुलुंडला जायचंय ना? मग आत्ता निघालात तर लिंक रोड मोकळा मिळेल."

ते मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत, स्वतः अंधेरीच्या एमआयडीसीत फिटर. मशीन बंद पडली की सगळ्यात आधी धावायचं, ही नोकरीची सवय रिटायर झाल्यावरही अंगातून गेली नाही. ह्या सगळ्या धावपळीत सासूबाई कायम मागे. त्यांचा गुडघा दुखतो, आणि दुखत नव्हता तेव्हाही त्या मागेच असायच्या, कारण दाराला कुलूप लावणं, गॅस बघणं, विसरलेला चष्मा घेणं ही कामं कुणीतरी करायलाच हवीत. "तू ये मागसून," हे सासऱ्यांचं संसारातलं सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं वाक्य. एकदा मी सासूबाईंना गमतीने विचारलं, की बाबा तरुणपणी दिसायला कसे होते हो? त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तोंड कोणी बघलां? लगीन झाल्यापास्ना मी ह्येंची पाठच बघतंय." मी हसलो. त्याही हसल्या, पण जरा उशिरा.

गणपतीतसुद्धा हाच प्रकार. दीड दिवसाचा गणपती गोराईच्या जेट्टीवर सगळ्यात पहिला पोचायचा तो आमचा. आरती घाईत, मूर्ती पाण्यात घाईत, आणि शेवटी निर्माल्याची पिशवी, हार-दुर्वा-कापूर आणि वर मारलेल्या गाठीसकट, तशीच्या तशी खाडीत भिरकावून "झालं! चला!" पिशवी उघडायला कुणाला वेळ होता? आमच्याकडे देवाची फुलं पायदळी जाऊ नयेत म्हणून एवढं जपतात, की ती प्लास्टिकमध्ये घट्ट बांधूनच पाण्यात सोडतात. पिशवी तिवरांच्या मुळांत जाऊन अडकायची आणि पुढच्या वर्षीपर्यंत तिथेच राहायची. सासूबाई तोवर जेट्टीच्या अर्ध्यात आलेल्या असायच्या. त्यांना दुरूनच हात जोडून परत फिरावं लागायचं.

अशा ह्या माणसाला माझ्या धाकट्या मेव्हणीने फ्लोरिडाला बोलावलं. तिथे हिवाळ्यात गरम झऱ्यांच्या नदीत मॅनाटी नावाचे भलेमोठे प्राणी येतात, पाण्यातलं गवत खातात आणि बाकी काही करत नाहीत. मेव्हणीने आईबाबांसाठी बोटीची सहल ठरवली होती. बाबांनी पाण्यात उतरायचं, आईने बोटीवरून बघायचं. ठरलं तसं झालं नाही. मेव्हणी गाडी लावायला गेली, सासूबाई गुडघा सांभाळत उतरत होत्या, आणि धक्क्यावर एक बोट सुटताना दिसल्यावर सासऱ्यांच्यातला फिटर जागा झाला. "तू ये मागसून!" म्हणत त्यांनी चपला काढून धक्क्यावर टाकल्या आणि बोटीत उडी मारली. ती सकाळची शेवटची बोट होती, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं परतीचं विमान. सासूबाई हा किस्सा सांगताना एकच वाक्य सांगतात, "मी बाकड्यार बसान ह्येंची वाणां राखलंय." वाणां म्हणजे चपला.

पाण्यात काय झालं ते मात्र सासऱ्यांकडूनच ऐकावं. अंगाला चिकटलेला काळा रबरी पोशाख घालून ते पाण्यात उतरले आणि सवयीप्रमाणे पहिल्या मॅनाटीच्या दिशेने सपासप हात मारत निघाले. मॅनाटी निघून गेली. दुसरीही गेली. तेव्हा बोटीवरच्या बाईने त्यांना दम भरला, की इथे कुणाच्या मागे जायचं नाही, हलायचं नाही, हात लावायचा नाही. पालथं पडून राहायचं, त्यांना वाटलं तर त्या येतील. जन्मात पहिल्यांदा सासरे काही न करता पडून राहिले. आणि खूप वेळाने एक आली. "जावईबापू," ते मला सांगतात, आणि इथे त्यांचा आवाज आपोआप खाली येतो, "म्हशीएवढं धूड. मिशा आपल्या हवालदारासारख्या. माझ्या तोंडासमोर येऊन थांबली आणि नुसती बघत राहिली. तिला कुठे जायचंच नव्हतं हो!" मग ती वळली, आणि तिच्या पाठीवर ओळीने पांढरे वण दिसले. बोटीवरच्या बाईने नंतर सांगितलं, की हे वण बोटींच्या पंख्यांचे. ह्या बिचाऱ्या सावकाश चालतात, बोटवाले घाईत असतात. आणि नदीतलं गवत कमी झालं की त्या उपाशी राहतात, गवतात अडकलेलं प्लास्टिकही गिळतात.

सासरे धक्क्यावर परत आले तेव्हा सासूबाई त्यांच्या चपला मांडीजवळ घेऊन बाकावर बसलेल्या होत्या. ते शेजारी जाऊन बसले. मेव्हणी सांगते, की बाबा "चला" म्हणाले नाहीत. तिलाच शेवटी म्हणावं लागलं.

मुंबईत परतल्यावर आम्हाला वाटलं, आठवड्यात गाडी मूळ रुळावर येईल. पुष्कळशी आलीच. लिफ्ट अजून रिकामी वर येते. पण पुढच्या गणपतीत आमची मूर्ती सगळ्यात शेवटी पाण्यात गेली, कारण सासरे दुपारपासून जेट्टीवर गोणपाट घेऊन उभे होते. येईल त्याची पिशवी धरायचे. "फुलं इथे गोणीत, पिशवी घरी." सोसायटीचे चेअरमन चिडले, "अहो, दरवर्षी तुम्हीच तर पहिली पिशवी टाकता!" सासरे म्हणाले, "म्हणूनच सांगतोय. मला अनुभव आहे." आता त्या गोणीतल्या फुलांचं सासऱ्यांच्या बाल्कनीत खत होतं, आणि त्या खतावर वाढलेली मिरची ते आल्यागेल्याला प्रसादासारखी वाटतात. भयंकर तिखट असते. पुढल्या वर्षी चेअरमन स्वतःच दुसरी गोण धरून उभे राहिले, आणि तिवरांच्या मुळांशी ह्या वर्षी पिशव्यांपेक्षा नवे कोंब जास्त दिसतात, हे मी स्वतः बघितलं आहे.

पण खरा बदल रविवारचा. अमेरिकेहून आल्या आल्या त्यांनी सासूबाईंना सांगून टाकलं, "तुका दाखवतलंय." मॅनाटी इथे कुठून आणणार? पण गोराईच्या समुद्रात डॉल्फिन येतात, त्यांना मालवणकडे गादे म्हणतात, तेही मोठे, तेही श्वासाला वर येणारे. बायकोला गादा दाखवल्याशिवाय धक्क्यावरचा तो बाक आपल्या डोळ्यांसमोरून जाणार नाही, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी हे दोघं बोटीने खाडी ओलांडतात आणि रिक्षाने गोराईच्या किनाऱ्यावर जाऊन एका सपाट खडकावर बसतात. आधी बोटवाला ओरडायचा, "ओ काका, बोट लागू दे ना, पडाल यार!" आता तोच म्हणतो, "काका, उतरा की, सगळे गेले." कारण सासरे सासूबाईंचा हात धरून शेवटी उतरतात. खडकावर चहाचा थर्मास, घावनांचा डबा, आणि सासऱ्यांच्या गळ्यात मेव्हणीने दिलेली दुर्बीण. गेली दोनेक वर्षं हा कार्यक्रम चालू आहे आणि सासऱ्यांना अजून एकही डॉल्फिन दिसलेला नाही. रविवारी संध्याकाळी मी फोन करून विचारतो, "दिसला का?" "नाही. पुढच्या रविवारी. ठेवतो." फोन बंद.

मागच्या रविवारी मी बोरिवलीला मुक्कामाला होतो, तर माझी झोप मोडून त्यांनी मला बरोबर नेलं. खडकावर सासरे मधे, दुर्बीण डोळ्यांना, नजर पार क्षितिजावर. दुर्बीण दिलेला माणूस जवळचं काही बघत नाही. मी घावनं संपवण्याच्या कामात होतो. तेवढ्यात डावीकडे, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पाणी जरासं फुगलं आणि एक करडी-गुलाबी पाठ वर आली. फुस्स करून श्वास टाकला आणि सावकाश खाली गेली. मागोमाग दुसरी, लहान. पिल्लू असावं. लाटांच्या आवाजात सासऱ्यांना ते ऐकू येणं शक्य नव्हतं. मी ओरडायला तोंड उघडलं, तर सासऱ्यांच्या पाठीमागून सासूबाईंचा हात आला आणि माझं मनगट घट्ट धरलं.

थोड्या वेळाने सासरे पाय मोकळे करायला उठले. त्या माझ्याकडे सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "जावयबापू, सांगू नकात हां ह्येंका."

"अहो पण आई, तुम्हाला दिसला?"

"मी दिवाळीपास्ना बघतंय. तेचा पिल्लूय माका ठावक आसा." त्या समुद्राकडे बघत हसल्या. "ह्येंका दिसलो म्हंजे 'झाला, चला' म्हणान उठतले. मगे परत कधी बसतले माझ्या वांगडा?"

वांगडा म्हणजे सोबत. त्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचं तोंड निवांत बघायला मिळत होतं, आणि ती ते डॉल्फिनसाठीसुद्धा सोडायला तयार नव्हती. सासरे परत आले, सासूबाईंच्या गुडघ्याखाली स्वतःची घडी केलेली शाल सरकवली आणि दुर्बीण लावून पुन्हा क्षितिजाकडे बघायला लागले. ऊन चढलं होतं. मी मुद्दाम घड्याळाकडे बघून म्हटलं, "बाबा, आज काही दिसेलसं वाटत नाही. निघायचं का?"

सासऱ्यांनी दुर्बीण खाली केली. पण उत्तर मला दिलं नाही. सासूबाईंकडे वळून, त्यांच्या तोंडाकडे बघत ते म्हणाले, "दिसतलो गो. घाई कित्याक?"