घडी घालणाऱ्या दोघी

जलरंग शिकवणाऱ्या मावशी गेल्याची ईमेल आली तेव्हा मी बसस्टॉपवर उभा होतो. कॉलेजच्या चित्रकला विभागाकडून आलेली, तीन ओळींची. मी तसाच खोलीवर परतलो. आमच्याकडे नागपूरला घरातलं माणूस गेलं की फोटोला हार घालतात, मेणबत्ती लावतात, त्रिशरण म्हणतात. मला तेवढंच येत होतं. मावशींनी दिलेलं चित्र टेबलावर उभं केलं, शेजारी त्यांचा फोटो ठेवला, कागदी फुलांचा हार घातला, मेणबत्ती लावली. मग त्या सगळ्याचा फोटो काढून, खाली त्यांचं पूर्ण नाव लिहून, त्यांच्या मुलीला पाठवला.

संध्याकाळी वर्गातल्या ट्रॉयला तो दाखवला. तोही मावशींसारखाच नवाहो, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमातीतला. त्यानं फोन जवळ घेतला. "नाव लिहिलंस?" म्हणाला. "आणि वर हारसुद्धा?" मग जरा सावकाश त्यानं सांगितलं, की त्यांच्या जुन्या माणसांत गेलेल्याचं नाव लगेच घेत नाहीत, त्याच्या वस्तूही कुणी जवळ ठेवत नाही. "सगळेच पाळतात असं नाही. तिच्या घरी पाळतात." मेसेजखाली दोन निळ्या खुणा आल्या होत्या. आता तो पुसला तरी वाईट, ठेवला तरी वाईट. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशीही नाही...

न्यू मेक्सिकोतल्या या कॉलेजात मी इंजिनिअरिंग शिकायला आलो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे काय विचारायचं असतं आणि काय नसतं, याची धास्ती कायम असते. जलरंगाचा वर्ग घेतला तो फक्त वेळेत बसत होता म्हणून. पहिल्या दिवशी मी शिकवणाऱ्या बाईंना सारखं मॅम मॅम करत होतो, तेव्हा त्यांनी विचारलं, तुमच्याकडे माझ्या वयाच्या बाईला काय म्हणतात? मी म्हटलं, मावशी. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि पुढं मॅम म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करायला लागल्या. मी चित्रात पांढरा रंग द्यायला गेलो की ब्रश काढून घ्यायच्या. "पांढरं तुझ्याकडे आधीच आहे, कागदाचं. त्याला हात लावू नकोस."

एकदा त्यांनी स्वतःचं चित्र वर्गात आणलं. गावातलं लाँड्रोमॅट, पैसे टाकून यंत्रात कपडे धुवायची जागा. लांबच्या वस्त्यांवर बऱ्याच घरांत नळ नाही, म्हणून आठवड्याचे कपडे गाडीत घालून माणसं तिथं येतात. ओल्या कागदावर निळा आणि विटकरी रंग पसरत गेलेला, यंत्रांची नुसती गोल तोंडं, टोपलीत झोपलेलं एक पोर, आणि मधोमध चादरीची घडी घालणाऱ्या दोन बायका. चेहरे काढलेलेच नाहीत. चादर म्हणजे कोरा सोडलेला कागद. सगळे रंगांबद्दल बोलले. माझी पाळी आली आणि तोंडातून निघून गेलं, की माझी आई दवाखान्यातल्या चादरी धुते. इथं हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सत्र संपलं त्या दिवशी मावशींनी ते चित्र पुठ्ठ्यात बांधून माझ्या हातात दिलं. "आईला ने." मी दोन वर्षं नेलं नाही. व्हिसा अडकला तर परत येता येईल का, या भीतीनं घरीच गेलो नाही. आणि आता ते गेलेल्या माणसाची वस्तू झालं होतं.

नवव्या दिवशी चित्र पुन्हा पुठ्ठ्यात बांधून मी त्यांच्या घरी गेलो. मुलीनं दार उघडलं. मी पाठ करून आणलेली माफी अर्धीच आठवली. "परत द्यायला आणलंय," एवढंच धड बोललो. तिनं पुठ्ठ्याला हात लावला नाही.

"तुझा मेसेज बघून माझा भाऊ घाबरला," ती म्हणाली. "मी नाही. तू तुझ्या पद्धतीनं केलंस. पुढच्या वेळी आधी विचार."

"आणि हे?"

"हे तिचं कुठे आहे? तिनं हातीपायी धड असताना दिलंय. तुझंही नाही, तुझ्या आईचं आहे, तिनंच मला सांगितलं होतं. अजून पोचवलं नाहीस, त्याची माफी माग."

त्या रविवारी मी फोनवरून आईला चित्र दाखवलं. तिनं चष्मा लावला, फोन जवळ घे, लांब घे, असं करायला लावलं.

"काहून रे, दोन वर्षं लपवून ठेवलं होतं?"

"लपवलं नाही. आणणार होतो."

ती बघत राहिली. मग म्हणाली, "ह्या डावीकडच्या बाईनं अंगठा आत घालून कोपरा धरलाय. ओली चादर जड असते, असं नाही धरलं तर निसटते. बघून नाही समजत हे. तुझ्या ह्या मावशीनं शेकड्यानं चादरी धुतल्या असतील बाप्पा. कुठं होती कामाला?"

मला माहीत नव्हतं. दोन सत्रं त्यांच्यासमोर बसलो, माझ्या आईबद्दल बोललो, आणि त्यांनी कुठं काय काम केलं हे कधी विचारलं नाही. त्यांच्या मुलीला विचारता येईल. पण गेलेल्या माणसाबद्दल तिला आत्ताच बोलायला लावणं बरं की नाही, ते कळत नाही... आधी विचारू का, तेवढंच विचारणार आहे. हा लेखही तिला विचारूनच लिहिला. ती म्हणाली, लिही, नाव नको. म्हणून इथं मावशींचं नाव नाही.