मुंग्यांची बरणी

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी माझे दीर, डॉ. विनायक, शारजातल्या अल मजाजच्या घरी वारले. यजमानांचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ग्रंथालयात होते. हातातलं पुस्तक कपाटात ठेवलं आणि निघाले.

भाऊजी जनावरांचे डॉक्टर. नव्वदच्या दशकात शारजाबाहेर एका खासगी प्राणिसंग्रहात नोकरीला होते. एकटेच होते, म्हणून शुक्रवारी जेवायला आमच्याकडे, दुबईत करामाला. अशाच एका शुक्रवारी त्यांना घास जाईना. आफ्रिकेहून आर्डवार्कची मादी आली होती... सशासारखे कान, डुकरासारखं अंग, मुंग्या आणि वाळवीवर जगणारी. चार दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नव्हतं. खिमा, अंडं, दूध घोटून केलेली पेज तशीच सुकून जायची. रखवालदार म्हणाला होता, "डॉक्टरसाब, ये तो खलास."

"दात नाहीत का तिला?" मी विचारलं.

"आहेत, मागे. पण चावतंय कोण! फूटभर चिकट जीभ, मुंग्या आत, दळण पोटात."

"मग मुंग्याच द्या."

"हजारोंनी लागतात, वहिनी. तुमच्या ओट्यावर आहेत?"

ते चिडवत होते. मी मनावर घेतलं. एरवी मुंग्यांवर फवारणी करून घेणाऱ्या आमच्या इमारतीत त्या संध्याकाळी चार घरांनी बाल्कनीत साखर सांडली, बेसनलाडवाचा चुरा ठेवला. लेकीनं भिंगातून पाहून निकाल दिला, "आई, धिस इज नॉट इव्हन वन बाइट!" तरी सकाळी मी जमल्या तेवढ्या मुंग्या कॉफीच्या बरणीत भरल्या, झाकणाला भोकं पाडली, आतून मलमल लावली. रात्री आमच्याकडेच राहिलेले भाऊजी हसले नाहीत. बरणी शेजारच्या सीटवर ठेवून तिला पट्टा बांधला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी फोन. "वहिनी, भांडं चाटूनपुसून साफ!" त्यांनी पेजेचं भांडं वाळूत पुरलं होतं, वर वाळूचा पातळ थर, त्यावर आमच्या मुंग्या. "वाढलेलं ताट तिनं जन्मात पाहिलं नव्हतं हो. खणून काढायचं ते अन्न, एवढंच तिला ठाऊक."

"म्हणजे मुंग्यांमुळे नाही."

"छे, छे. तुमच्याच मुंग्या."

पुढे मी पुस्तकं चाळली. तिच्या भुकेपुढे आमची बरणी म्हणजे काहीच नव्हतं, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी कित्येक महिने दर शुक्रवारी रिकामी बरणी परत आणून ते म्हणायचे, "बाईंनी आठवण काढलीय." आणि आम्ही भरून देत राहिलो...

परवा त्यांचं घर आवरताना ती फडताळात सापडली, धुतलेली. आता आमच्या ओट्यावर आहे. झाकणाला भोकं आहेत, त्यामुळे तिच्यात साखर ठेवता येत नाही.