आधी धाकट्याने बोलायचं

२००४च्या हिवाळ्यात माझं पोस्टिंग अलास्कात झालं. अमेरिकन सैन्यात मी मेडिक, म्हणजे जागेवर प्रथमोपचार करणारी सैनिक होते, हुद्दा प्रायव्हेट. म्हणजे उतरंडीतलं सगळ्यात खालचं मडकं.

पार्सिपनी गावातल्या आमच्या मराठी घरात एक शिस्त पक्की होती : मोठी माणसं बोलताना मध्ये तोंड घालायचं नाही. आमच्या टीमचे प्रमुख स्टाफ सार्जंट केलर यांची शिस्त नेमकी उलटी. बर्फाच्या उतारावर स्की टाकण्याआधी जायचं की नाही हे प्रत्येकाने सांगायचं, सुरुवात सर्वांत कनिष्ठापासून. एकाने जरी ‘नाही’ म्हटलं तरी सगळे मागे. पहिल्या वेळी मी म्हणाले, “सार्जंट, तुम्ही म्हणाल तसं.” मी स्वतःचं उत्तर देईपर्यंत त्यांनी सगळ्यांना वाऱ्यात उभं ठेवलं. उत्तर लवकर सुचलं.

दुसऱ्या टीममध्ये माझ्याहून एक-दोन पायऱ्या वरचा, स्पेशालिस्ट हुद्द्याचा रुइझ होता. आईने संक्रांतीला पाठवलेले तिळाचे लाडू त्याला फार आवडले. “भोयर, हे दात पाडणार,” असं म्हणायचा आणि आणखी दोन खिशात टाकायचा.

त्या सकाळी दोन्ही टीम एकाच दरीच्या दोन बाजूंनी निघाल्या. आधीचे दोन दिवस बर्फ पडून वारा सुटला होता. आम्ही छातीइतका खड्डा खणला. वरचा थर टणक, खाली रव्यासारखे मोकळे कण. बर्फाचा एक खांब कापून त्यावर फावडं ठेवलं आणि हाताने थापट्या मारल्या. थोड्याच थापट्यांत वरचा थर अख्खा घसरून खड्ड्यात आला.

“प्रायव्हेट भोयर?”

“नाही, सार्जंट.”

बाकीचेही नाहीच म्हणाले. आम्ही मागे वळतोय तोच रेडिओ वाजला.

“अ‍ॅव्हलांच. वन मॅन बरीड. रुइझ. शोधतोय. मेडिक पाठवा, ओव्हर.”

रुइझ कोसळलेल्या बर्फाखाली गाडला गेला होता आणि त्यांच्याकडे मेडिक नव्हता. सरळ वाट आम्ही नुकत्याच नाकारलेल्या उतारावरून, पाच मिनिटांची. डोंगरधारेवरून वळसा घातला तर पाऊण तास. बर्फाखालच्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

मला वाटलं, आता सार्जंट हुकूम देतील. द्यावा, अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी पुन्हा विचारलं, “प्रायव्हेट भोयर?”

‘हो’ अगदी जिभेवर आलं होतं. पण तो घसरलेला थर अजून पायाशी पडला होता, आणि माझ्यामागे चार माणसं उभी होती.

“नाही, सार्जंट.”

“वळसा. मूव्ह.”

आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी रुइझला बाहेर काढून बराच वेळ झाला होता. श्वास नव्हता. दोघे आळीपाळीने छाती दाबत होते. मी त्यांची जागा घेतली. हेलिकॉप्टर येईपर्यंत मी हात थांबवले नाहीत. उपयोग झाला नाही.

परतल्यावर केलर माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, “मी आधी बोललो असतो, तर ‘चला’ म्हणालो असतो. म्हणूनच मी शेवटी बोलतो.”

तो उतार त्या दिवशी कोसळला नाही. हिवाळाभर कोसळला नाही. लोक म्हणतात, निर्णय बरोबर होता. मलाही तसंच वाटतं. तरी त्या उताराचा मला आजही राग येतो.

सुट्टीत मी टेक्सासला रुइझच्या आईकडे गेले. तिने जेवायला बसवलं आणि विचारलं, “तू किती लांब होतीस?”

मी सगळं सांगितलं. पाच मिनिटांची वाट, मला आधी विचारलं ते, मी काय म्हणाले ते. न कोसळलेला उतारही सांगितला.

 ती उठली, माझ्या ताटात आणखी भात वाढला आणि मी तो संपवेपर्यंत समोर बसून राहिली.

आई अजून दर संक्रांतीला टेक्सासला एक डबा पाठवते.