सुमनमावशींची डाव्या हाताची सही

अभिजितचा फोन आला तेव्हा मी एडिसनच्या स्टेशनबाहेर गाडी लावून सकाळच्या ट्रेनची वाट बघत होतो. तो राहतो त्या दक्षिणेकडच्या फ्रिस्कोचं घड्याळ आमच्या एक तास मागे, म्हणजे तिकडे जेमतेम उजाडलं असणार. इतक्या सकाळी त्याचा फोन कधी येत नाही, त्यामुळे तो बोलायच्या आधीच मला कळलं. "मिलिंद, आई गेली," तो म्हणाला. "झोपेतच गेली रे. मी चहा घेऊन उठवायला गेलो तर..." ट्रेन आली आणि गेली. मी गाडीतच बसून राहिलो. त्या वेळी मनात पहिल्यांदा काय आलं हे सांगायची लाज वाटते, पण सांगतो. डिसेंबरात मुलाकडे राहायला जाताना सुमनमावशींनी इथल्या त्यांच्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये माझं एक काम ठेवलं होतं आणि तीन महिन्यांत मी तो ड्रॉवर उघडूनसुद्धा बघितला नव्हता.

सुमनमावशी माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. आम्ही नवरा-बायको वरच्या मजल्यावर आणि खाली बायको-मुलांसह अभिजित आणि त्याची आई, एवढंच नातं. पण माझी आई नागपूरला आणि मी इकडे, त्यामुळे ताप आला की आमच्याकडे मऊ भात खालूनच यायचा. त्या सांगली जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिक्षिका होत्या. काका गेल्यावर मुलाकडे आल्या, रीतसर नागरिक झाल्या आणि शपथ घेतल्यानंतर पहिलं काम काय केलं, तर मतदान केंद्रावर बसण्यासाठी अर्ज दिला. अभिजितने कपाळाला हात लावला. "तिकडे इलेक्शनची ड्यूटी चुकवायला आमचे मास्तर लोक मेडिकल सर्टिफिकेट आणायचे," त्या म्हणायच्या. "मी कधी नाही आणलं. आणि इथे तर बायका आपणहून ड्यूटी मागतात म्हणे. मग मी का घरात बसू?" पुढे अभिजितला नोकरीसाठी फ्रिस्कोला जावं लागलं. त्याने आईला खूप आग्रह केला, नातवंडांचं आमिष दाखवलं, पण मावशी हलल्या नाहीत. नोव्हेंबरात ड्यूटी आहे, असं त्या सांगायच्या. दर नोव्हेंबरात असायची.

त्यांचं केंद्र म्हणजे इथल्या प्राथमिक शाळेची जिम. मी दोन-तीनदा त्यांना पहाटे सोडायला गेलो आहे. कडक इस्त्रीची सुती साडी, वरून अभिजितचं जुनं जाड जॅकेट, हातात थर्मास आणि चिवड्याचा डबा. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर फ्रँक नावाचे निवृत्त पोस्टमन बसायचे. फ्रँकच्या अंगणात कुठल्या उमेदवाराची पाटी आहे हे साऱ्या गल्लीला माहीत होतं, आणि मावशी मत कुणाला देतात हे खुद्द त्यांच्या मुलालाही ठाऊक नव्हतं. दोघांचं एका गोष्टीवर मात्र घट्ट एकमत होतं, ते म्हणजे सही. मतदार आला की त्याने टॅबलेटवर सही करायची आणि या दोघांनी ती शेजारी दिसणाऱ्या जुन्या सहीशी ताडून बघायची. मावशी अशा बारकाईने बघायच्या की जणू दहावीचा पेपर तपासताहेत. मग मान वर करून हसायच्या आणि "थँक यू, गो अहेड" म्हणायच्या. ते हसू बघायला म्हणून त्यांच्याच टेबलाशी रांगेत उभे राहणारे म्हातारे होते, असं फ्रँक मला एकदा म्हणाले होते.

नंतर दिवस बदलले. केंद्राच्या दाराशी फोनवर शूटिंग करणारे लोक दिसू लागले. एका वर्षी एक गृहस्थ मावशींच्या टेबलाशी येऊन ओरडले, इंग्रजी तरी येतं का तुला, तू कोण माझी सही तपासणार... मावशींनी त्यांना शांतपणे पेन पुढे केलं. नंतर लक्षात आलं की त्या गृहस्थांना टॅबलेटवरची अक्षरंच दिसत नव्हती, चष्मा घरी राहिला होता. मावशींनी टेबलावरचं भिंग त्यांना दिलं. हा प्रसंग मला फ्रँककडून कळला, मावशींनी घरी अवाक्षर काढलं नव्हतं. पुढच्या वर्षी फ्रँक आले नाहीत, त्यांच्या मुलीला भीती वाटली. अभिजितनेही फोनवर आईला खूप समजावलं. "आई, बस कर ना आता. हल्ली लोक काहीही करतात, यार. तुला काय प्रूव्ह करायचंय?" मावशी म्हणाल्या, "सगळेच घाबरून घरी बसले तर टेबलामागे कोण बसेल, ते सांग आधी."

आता माझ्याबद्दल. तीन वर्षांपूर्वी मीही नागरिक झालो. त्या संध्याकाळी मावशी शिरा घेऊन वर आल्या आणि शिऱ्याच्या डब्याखाली मतदार नोंदणीचा फॉर्म होता. मी हसत म्हटलं, "मावशी, करतो ना. पण नाव घातलं की कोर्टातली ज्युरी ड्यूटी मागे लागते हो, ऑफिसात लीव्हचा प्रॉब्लेम होतो." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "गाढवा, ज्युरीची यादी ड्रायव्हिंग लायसन्सवरूनही निघते. गाडी चालवायचं सोडणार आहेस?" मी विषय बदलला आणि रिकाम्या डब्याबरोबर फॉर्मही परत दिला. खरं कारण मी त्यांना बऱ्याच नंतर सांगितलं. आमच्या ग्रुपमधले काही जण नागरिक असूनही पासपोर्ट खिशात घेऊन फिरायला लागले होते. कधी कुणाचे कागद मागतील, कुठल्या यादीत काय शोधतील याचा नेम नाही, त्यापेक्षा आपलं नाव कुठे नसलेलंच बरं, असं मला मनापासून वाटत होतं. मावशी माझ्यावर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्या शाळेत सुकडी यायची. समोर पोर उपाशी दिसायचं, पण हजेरीपटावर नाव नसेल तर मला त्याला हक्काने वाढता यायचं नाही. मग मी त्याच्या आईला गाठायची आणि म्हणायची, आधी नाव घाल गं बाई." मी "पुढच्या वेळी नक्की" म्हटलं. हे मी त्यांना एकूण किती वेळा म्हटलं, ते मोजायला नको.

गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वाचा वाचली, पण उजवा हात गेला. रिहॅबमधून घरी आल्यावर त्यांनी सगळ्यात आधी मला ओक ट्री रोडच्या देशी दुकानांत पिटाळलं आणि दुरेघी वही आणायला सांगितली. दुरेघी कुठली मिळायला? शेवटी मी साध्या वहीवर पट्टीने रेघा मारून दिल्या. सत्तरी ओलांडलेली ही बाई रोज सकाळी डाव्या हाताने स्वतःचं नाव गिरवायला बसायची. त्यांची सही कायम मराठीतच असायची, शपथेच्या कागदावरही तीच. पहिल्या दिवसांत ती अक्षरं रेघांवरून घसरत होती. मला बघवायचं नाही, त्या मात्र पान झालं की कोपऱ्यात स्वतःच स्वतःला बरोबरची खूण करायच्या.

ड्यूटीवर जाणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी टपाली मतपत्रिका मागवली. डाव्या हाताने पाकिटावर सही केली आणि मी ते पेटीत टाकून आलो. इथपर्यंत मी शहाणा होतो. त्यांचं सगळं टपाल मीच आणून द्यायचो. एका संध्याकाळी घाईघाईत तो गठ्ठा गाडीच्या मागच्या सीटवर टाकला आणि वाणसामानाच्या जाहिरातींखाली तो तिथेच राहिला. मावशी रोज विचारायच्या, "माझं मत पोचलं का रे? कॉम्प्युटरवर दिसतं म्हणतात." आणि मी रोज म्हणायचो, "हो मावशी, बघतो." मतदान होऊन गेलं. त्या दिवशी त्या खिडकीशी बसून शाळेच्या दिशेने जाणाऱ्या गाड्या बघत होत्या. आणखी तीन दिवसांनी मी अखेर वेबसाइट उघडली. सही जुळत नाही, मत मोजलेलं नाही, पत्र पाठवलं आहे. मी अंगावरच्या घरातल्या कपड्यांनी गाडीकडे धावलो. पत्र होतं. नऊ दिवसांपूर्वीचं. मतदानानंतरही दुरुस्तीला थोडी मुदत असते, तिचे दोन दिवस उरले होते.

ते पत्र घेऊन मी त्यांच्यासमोर उभा राहिलो, अगदी गृहपाठ न केलेल्या मुलासारखा. त्यांनी चष्मा लावून पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग त्या हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बरोबर आहे त्यांचं. मी टेबलावर असते तर मीही हेच केलं असतं. कुठे जुळते ही सही?" मी म्हटलं, "मावशी, सॉरी. माझ्यामुळे..." त्यांनी पत्राची तारीख बघितली, माझ्याकडे बघितलं. "नऊ दिवस?" एवढंच म्हणाल्या. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग म्हणाल्या, "उद्या सुट्टी टाक. आपण जाऊ."

फॉर्म ईमेलनेही पाठवता आला असता. मी तसं सुचवलंही, पण त्यांना माणसासमोर सही करायची होती. काउंटीच्या ऑफिसात व्हीलचेअर ढकलत नेली. खिडकीतली मुलगी भली होती. मावशींच्या हाताकडे बघून ती म्हणाली की नुसती फुली मारली तरी चालेल, साक्षीदार म्हणून हे सर आहेतच. मावशी ताठ बसल्या. "नो क्रॉस," त्या म्हणाल्या. "आय विल साइन." मग मला मराठीत म्हणाल्या, "गावातल्या बायका अंगठा लावायच्या. शाळा सुटल्यावर थांबवून थांबवून मी त्यांना सही शिकवली आणि आता मी फुली मारू?" मागे रांग वाढत होती. त्यांनी पेन डाव्या हातात धरलं. जीभ किंचित बाहेर आलेली, कपाळावर घाम. चार-पाच मिनिटं लागली असतील. शेवटची रेघ ओढून झाल्यावर मुलीने कागद उचलला आणि ती म्हणाली, "यापुढे हीच सही रेकॉर्डला ठेवते." परतताना मावशी गाडीत लहान मुलीसारख्या खूश होत्या. "पास झाले रे," म्हणाल्या.

दोन दिवसांनी वेबसाइटवर मत स्वीकारल्याचं दिसलं. त्यांनी मला ती ओळ तीनदा वाचायला लावली. मला वाटलं, आता त्या विचारणार, आणि तुझं काय? मी उत्तरही तयार ठेवलं होतं. त्यांनी विचारलं नाही. डिसेंबरात अभिजित न्यायला आला. या खेपेला त्या मुकाट्याने निघाल्या. गाडीत बसताना एवढंच म्हणाल्या, "पोळपाट ठेवते ना, त्या खालच्या ड्रॉवरमध्ये तुझं एक काम ठेवलंय. सवडीने बघ." घराची किल्ली माझ्याकडेच होती. झाडांना पाणी घालायला मी आठवड्यातून दोनदा खाली जात होतो. पण सवड काही झाली नाही...

त्या गेल्यानंतर तीन आठवड्यांनी अभिजित घर आवरायला आला. आम्ही दोघांनी मिळून भांडी खोक्यांत भरली. पोळपाट उचलला आणि मी तो ड्रॉवर उघडला. आत ती वही होती. पहिली कितीतरी पानं त्यांच्या नावाची, आधी घसरणारी आणि मग हळूहळू रेघेवर उभी राहणारी. पुढे एका पानावर अचानक इंग्रजी अक्षरं सुरू झाली. मोठी, सुटी, चौकटीत बसतील अशी. मला वाचायला क्षणभर वेळ लागला. ते माझं नाव होतं. पाच पानं भरून माझं नाव आणि माझा पत्ता, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बरोबरची खूण. आणि शेवटच्या पानात घडी घातलेला मतदार नोंदणीचा फॉर्म, तोच शिऱ्याच्या डब्याखालचा. नाव भरलेलं, पत्ता भरलेला. माझी जन्मतारीख त्यांना ठाऊक नव्हती, ती चौकट रिकामी. अगदी तळाशी एक चौकट असते. अर्जदार स्वतः अर्ज भरू शकत नसेल तर ज्याने भरला त्याचं नाव आणि पत्ता लिहावा, असं तिथे छापलेलं असतं. मावशींनी तिथे नियमाप्रमाणे स्वतःचं नाव आणि पत्ता लिहिला होता.

मला आधी हसू फुटलं. अभिजित धावत आला, त्याने वाचलं, तोही हसला, आणि मग आम्ही दोघे त्या अर्ध्या रिकाम्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडलो. मला त्या फार हव्या होत्या त्या वेळी. निदान एकदा कान धरायला तरी.

सहीच्या जागी त्यांनी पेन्सिलने एक बारीक फुली मारून ठेवली होती, गावातल्या बायकांना सही कुठे करायची ते दाखवायला मारत असतील तशी. मी त्यांच्या टेबलाशी, त्यांच्या खिडकीजवळच्या खुर्चीवर बसलो. अभिजितने पेन दिलं. मी जन्मतारीख भरली, सही केली, तारीख घातली आणि त्याच दुपारी पाकीट पोस्टात टाकून आलो. पेन्सिलची फुली मी खोडली नाही.