व्हर्लिनचं मोवर आणि बेवारशी भांडं

व्हर्लिन टोस्ट्रुडच्या मोवरला, म्हणजे गवत कापायच्या यंत्राला, एक इंजिन होतं, चार चाकं होती, ढकलायला दांडा होता, आणि हे सगळं एकत्र धरून ठेवायला गंज होता. पूर्वी तिथे लोखंड असायचं.

इंजिनाबद्दल कुणाची कधी तक्रार नव्हती. दोरीला दुसरा हिसका दिला की ते सुरू व्हायचं. पहिला हिसका, व्हर्लिनच्या मते, 'ऊठ, सकाळ झाली' एवढं सांगण्यापुरता असतो. दुखणं होतं ते खालच्या पत्र्याचं. गवत कापणाऱ्या पात्यावर पालथ्या परातीसारखं एक लोखंडी कवच असतं. इंजिन त्याच्यावर बसतं, चाकं त्यालाच जोडलेली असतात, आणि आम्ही त्याला डेक म्हणतो. व्हर्लिनच्या मोवरचं हे डेक गेली अकरा वर्षं कायमच्या रजेवर जायच्या बेतात होतं आणि व्हर्लिन रजा मंजूर करत नव्हता.

आळशीपणामुळे पत्रा गंजला असं कुणी म्हणू नये. ओलं गवत आतून चिकटून राहिलं की पत्रा कुजतो, म्हणून रोज काम झालं की व्हर्लिन मोवर आडवं करून आतलं गवत पट्टीने खरवडायचा. इतकं मन लावून खरवडायचा की काही ठिकाणी गवताबरोबर पत्राही निघून आला. उजवं पुढचं चाक जिथे बसतं ती जागाच एके दिवशी चाकासकट खाली पडली. तिथे त्याने आपल्या जुन्या गाडीची नंबरप्लेट कापून बसवली. प्लेटवर तसं छापलेलं असल्यामुळे त्या बाजूने पाहणाऱ्याला मोवर मिनेसोटा राज्याचं आहे आणि राज्यात दहा हजार तळी आहेत, हे कळायची सोय झाली. मागच्या बाजूला बिस्किटाच्या डब्याचं झाकण होतं. आणि मधोमध, सर्वांत मोठ्या भोकावर, जे भांडं होतं त्याच्याबद्दल सांगायचं आहे.

हे मोवर ढकलत व्हर्लिन आमच्या चर्चच्या दफनभूमीतलं गवत कापतो. एकतीस वर्षं कापतोय, फुकट. जागा दोन एकर, मोवरची रुंदी दीड हात. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचायला तीन-चार दिवस लागतात. तोवर पहिल्या कोपऱ्यात पुन्हा वाढलेलं असतं. म्हणजे मे ते सप्टेंबर व्हर्लिन काम संपवत नाही, फक्त जागा बदलतो. कुठल्याही कोपऱ्यात असला तरी बाराच्या ठोक्याला तो लवोनच्या दगडापाशी येतो. लवोन त्याची बायको. सहा वर्षांपूर्वी गेली. तिथे तो मोवर बंद करतो आणि उलट्या बादलीवर बसून सँडविच खातो.

मी एकदा विचारलं, "रोज इथेच का बसता?"

"इंजिन थंड व्हावं लागतं," तो म्हणाला.

"किती वेळ लागतो?"

"पाऊण तास." मग जरा विचार करून म्हणाला, "उन्हाळ्यात तास."

आमच्याकडे एवढं बोलणाऱ्याला बडबड्या म्हणतात.

आता भांड्याकडे येतो. आमच्या गावात कुणी गेलं की बायका बटाटे, खिमा आणि चीज एका चौकोनी भांड्यात घालून भट्टीत ठेवतात. दुःख मोठं असेल तर चीज जास्त. लवोन गेली तेव्हा व्हर्लिनच्या ओट्यावर अशी तेवीस भांडी जमली. प्रत्येकाच्या तळाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं, कारण भांडं धुऊन परत द्यायचं असतं, आणि रिकामं द्यायचं नसतं. व्हर्लिनला अंडं उकडण्यापलीकडे स्वयंपाक येत नाही. त्याने पहिल्या नऊ भांड्यांतून बागेतले टोमॅटो पाठवले, पुढच्या बारांतून तळ्यातले मासे, आणि टोमॅटो व मासे दोन्ही संपल्यावर पास्टरबाईंच्या भांड्यातून पेरूनही उरलेलं कांद्याचं बियाणं. बावीस भांडी अशी घरी पोचली. तेविसाव्यावर नावच नव्हतं.

व्हर्लिनने ते चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलं, म्हणजे ज्याचं असेल तो नेईल. कुणी नेलं नाही. भांडं तिथे वर्षभर राहिलं.

ते आर्डिस क्वामीचं होतं. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याच्या एका कोपऱ्याला पोचा होता, तो कसा पडला तेही ठाऊक होतं. तीस वर्षं चर्चच्या प्रत्येक जेवणाला आम्ही त्याच भांड्यातल्या आर्डिसच्या वड्या खाल्ल्या होत्या. कुणाचं भांडं कुठलं हे न कळणारा माणूस गावात एकच, व्हर्लिन. त्याच्या घरी हे खातं लवोनकडे होतं.

पण आर्डिस म्हणजे त्या स्वयंपाकघराची प्रमुख. भांड्यावर नाव घालण्याचा नियम तिचा. दर सणाच्या आधी ती उभी राहून सांगते, की नाव न घालणाऱ्या माणसाच्या घरात बाकी काय चालत असेल याची कल्पना करवत नाही. असं तीस वर्षं सांगितल्यावर 'हे बिननावाचं भांडं माझं' असं ती कशी म्हणणार? आणि तिचं आहे असं आम्ही तरी कसं म्हणणार? चाळीस माणसं वर्षभर त्या भांड्याच्या अलीकडची साखर घेत होती आणि पलीकडचं दूध घेत होती. भांडं कुणाला दिसत नव्हतं.

शेवटी एका रविवारी आर्डिसच म्हणाली, "हे ज्याचं असेल त्याने न्यावं, नाहीतर मला टाकून द्यावं लागेल. आणि लोकांनी नाव घालायला शिकावं." हे बोलताना तिचा आवाज जराही हलला नाही. अशा बाईला आम्ही उगाच प्रमुख केलेलं नाही.

"टाकण्यापेक्षा मी सांभाळतो," व्हर्लिन म्हणाला. त्याने ते घरी नेलं, काठ ठोकून सरळ केले, आणि सहा बोल्ट लावून मोवरमध्ये सांभाळलं.

पाच वर्षं सगळं ठीक चाललं. मग यंदाच्या मे महिन्यात, पहिल्याच आठवड्यात, भांड्याच्या शेजारी नवं भोक पडलं आणि त्यातून एक खडा उडाला. तो तळघराची खिडकी फोडून आत गेला, गोधड्या शिवत बसलेल्या सात बायकांच्या डोक्यांवरून गेला आणि कॉफीच्या मोठ्या पातेल्यात पडला. आमच्या चर्चची कॉफी अशी, की खडा तळाशी जाऊन बसलेला सगळ्यांना दिसला.

सातही बायकांनी सुया खाली ठेवल्या. म्हणजे प्रकरण गंभीर होतं. दफनभूमीच्या समितीची बैठक बोलावली गेली. समिती तिघांची: अध्यक्ष आर्डिस, सभासद ऑर्लिन हेगस्टाड, आणि लिहून ठेवायला मी, कारण मी बावन्न वर्षांचा असल्यामुळे तरुण समजला जातो. ऑर्लिन शेवटी बोलणाऱ्याशी सहमत असतो. शेजारच्या गावचा एक जण मोठ्या यंत्रावर बसून येतो आणि दोन एकर गवत दोन तासांत कापून निघून जातो, असं आर्डिसने सांगितलं.

"दोन तासांत," ऑर्लिन म्हणाला.

"व्हर्लिनचं वयही अठ्ठ्याहत्तर झालं," आर्डिस म्हणाली. "त्याला विश्रांती मिळेल."

व्हर्लिनला विश्रांती मिळाली तर तो काय करेल, हे आम्हां तिघांच्याही डोळ्यांपुढे आलं असावं. इंजिनच नसेल तर ते थंड व्हायची वाट बघत कुठल्याही दगडापाशी बसता येत नाही. पण खडा कॉफीत पडला होता आणि पुढचा कुठे पडेल ते सांगता येत नव्हतं. तेव्हा आधी मोवर बघावं आणि मग त्याला सांगावं, असं ठरवून आम्ही दफनभूमीमागच्या पत्र्याच्या शेडकडे गेलो.

व्हर्लिन पात्याला धार लावत होता.

"असंच बघायला आलो," आर्डिस म्हणाली.

"बघा की."

"खड्याचं काही नाही हं. कॉफी तशीही बदलायची होती."

"मंगळवारची असेल."

"सोमवारची," आर्डिस म्हणाली. "पण पुढचा खडा कुणाच्या डोक्यात गेला तर? ऑर्लिनचं एक वेळ चालेल."

"माझं चालेल," ऑर्लिन म्हणाला.

"भोक बुजवलंय," व्हर्लिन म्हणाला. "आणि बाहेरून रबराचा पडदा लावलाय. ट्रकच्या चाकामागे असतो ना, तो." त्याने प्लगची तार काढून बाजूला केली आणि मोवर हळूच कुशीवर वळवलं, जसं आजारी माणसाला पाठ पुसायला वळवतात.

पोट वर आलं. नंबरप्लेट दिसली, बिस्किटाचं झाकण दिसलं, आणि मधोमध, पाच वर्षांच्या गवताने हिरवं होऊनही लख्ख ओळखू येणारं ते भांडं. पोचा असलेला कोपरा व्हर्लिनने कापलाही नव्हता. डेकच्या वळणात तो बरोबर बसला होता.

"अरे, हे तर..." ऑर्लिन म्हणाला, आणि मी त्याच्या पायावर पाय दिला.

आर्डिस वाकली. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. चष्मा पुसूनही भांडं तेच होतं.

"चांगलं बसलंय," ती म्हणाली.

"भांडंच भक्कम आहे," व्हर्लिन म्हणाला. "हल्ली असा पत्रा मिळत नाही. ज्या बाईचं आहे तिला वस्तू कळते."

"नाव घालायचं मात्र कळलं नाही तिला," आर्डिस म्हणाली.

व्हर्लिनने पट्टीने एका बोल्टजवळचं गवत खरवडलं. "घाईत असेल. लवोन सकाळी गेली, आणि हे दुपारच्या आत दारात होतं. सगळ्यांच्या आधी. चिकटपट्टी शोधत बसली नसेल." मग तो म्हणाला, "कोण आलं होतं ते आठवत नाही. त्या दिवसाचं मला काहीच आठवत नाही. भांडं गरम होतं, तेवढं आठवतं."

आम्ही तिघंही मोवरकडे बघत राहिलो. बघण्यासारखं त्यात पुष्कळ होतं.

"तुमच्या मनात काय ते मला कळतं," व्हर्लिन म्हणाला. "यंत्रवाल्याला बोलवायचं असेल तर बोलवा, माझी हरकत नाही. मग हे बोल्ट काढतो, भांडं धुतो आणि दारोदार फिरून विचारतो, कुणाचं म्हणून. सहा वर्षं झाली. एकदा द्यायलाच हवं. रिकामं नाही देणार."

आर्डिस सरळ उभी राहिली. तो गावातल्या प्रत्येक दारात ते भांडं घेऊन उभा आहे आणि प्रत्येक जण 'छे, कधी पाहिलं नाही' म्हणतोय, हे तिला दिसलं असणार. पण मला वाटतं, तिला ते गरम भांडंही दिसलं असणार, कारण तिने चष्मा पुन्हा काढून पुसला. लवोन आणि ती तळघरात शेजारी बसून गोधड्या शिवायच्या.

"दुसऱ्याकडे वस्तू वापरात असताना ती परत मागणं बरं दिसत नाही," ती शेवटी म्हणाली.

"दिसत नाही," ऑर्लिन म्हणाला.

"मग वापरात राहू दे. फक्त बायका शिवायला बसतात तेव्हा खिडकीच्या बाजूला जाऊ नकोस."

"सोमवारी तिकडे जात नाही," व्हर्लिन म्हणाला.

"गुरुवारीही."

"गुरुवारीही नाही."

मी वहीत लिहिलं: मोवर पाहिलं. ठीक आहे.

महिनाअखेरीला युद्धात गेलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन आला. दफनभूमीत सैनिकांच्या दगडांपाशी छोटे झेंडे लागले, आणि गवत सगळीकडे सारख्या उंचीचं होतं. निदान एका बाजूने पाहिलं तर. त्याच आठवड्यात आर्डिसच्या मागच्या पायरीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेले साफ केलेले मासे सापडले. कोणी ठेवले ते माहीत नाही, असं तिने मला आपणहून सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये डेकची डावी बाजू गेली. रविवारी कॉफी पिताना व्हर्लिन म्हणाला, "डावीकडून आता उजेड दिसतो." त्यावर हवा कशी पडली आहे याबद्दल बोलणं झालं.

पुढच्या रविवारी तळघरातल्या ओट्यावर, साखर आणि दूध यांच्या मधोमध, एक चौकोनी भांडं होतं. कोरं, चकचकीत, तळाला काही नाही. आर्डिस शेजारी उभी राहून कॉफी ओतत होती.

"हे कुणाचं?" ऑर्लिनने विचारलं.

"कुणास ठाऊक," आर्डिस म्हणाली. "लोकांना नाव घालायला किती वेळा सांगायचं."

व्हर्लिनने भांडं पालथं केलं, बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं, आणि कान देऊन ऐकलं.

"टाकण्यापेक्षा मी सांभाळतो," तो म्हणाला.